तीन हजार एमसीक्यू सोडवूनही पेपर अर्धवट का राहतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. डीएनबी फॅमिली मेडिसिनचं (एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं) तिसरं वर्ष, थिअरीला, म्हणजे लेखी परीक्षेला, चार महिने, कळव्याहून ठाण्याला गाडी बदलून रोज नेरुळला ड्युटी, घरी तीन वर्षांची मुलगी. अ‍ॅपवर तीन हजार एमसीक्यू, म्हणजे पर्याय निवडायचे प्रश्न, झालेत. पहिल्या फेरीत ५२ टक्के होते, दुसऱ्या फेरीत ६८ झाले. म्हणून आत्मविश्वासानं एक जुना पेपर घड्याळ लावून लिहायला बसलात, तर सातव्या प्रश्नावरच तीन तास संपले. आता दुसरी एखादी टेस्ट सिरीज घेऊ का, असं विचारलंय. सोबत कुत्रा चावल्याच्या प्रश्नावर लिहिलेल्या उत्तराचा फोटोही टाकलाय. तो टाकलात हे फार बरं केलंत, कारण माझ्या मते तुमचं निदान त्या फोटोतच आहे.

मी हे कुठल्या अधिकारानं सांगतोय तेही ऐका. ठाण्यात नौपाड्यात माझा दवाखाना आहे. एमबीबीएसनंतर काही वर्षं जनरल प्रॅक्टिस करून मग डीएनबीला गेलो आणि थिअरीत पहिल्या खेपेला ४०० पैकी १९१ वर आपटलो. पास व्हायला २०० लागतात. दुसऱ्या खेपेला निघालो. गेली काही वर्षं रविवारी सकाळी चार-पाच रेसिडेंट माझ्या वेटिंग रूममध्ये पेपर लिहायला बसतात आणि मी ते तपासतो. म्हणजे माझं ज्ञान आलंय ते त्यांच्या उत्तरपत्रिकांमधून आणि माझ्या नापासातून.

तुमचा सराव कमी पडलेला नाही. तुम्ही सराव केलात तो वेगळ्याच परीक्षेचा. आपली थिअरी लिहिण्याची आहे: चार पेपर, प्रत्येकी १०० मार्क, तीन तास, दहा प्रश्न. (तुमच्या सत्राचं माहितीपत्रक एकदा स्वतः वाचा, सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नका.) तुमच्या अ‍ॅपमधले बरेच प्रश्न अमेरिकन बोर्डाच्या धर्तीवरचे दिसतात. ती परीक्षा खरोखरच पर्याय निवडण्याची आहे, ७५ प्रश्नांचे चार भाग, एकूण ३००. तिथल्या उमेदवाराला हे अ‍ॅप अगदी योग्य. आपल्याला मात्र त्यातून ओळखायची सवय लागते, आठवायची नाही. समोर चार पर्याय असले की बरोबर उत्तर ओळखीचा माणूस दिसावा तसं दिसतं. कोरा कागद समोर आला की तोच माणूस आठवत नाही.

त्यातच ५२ चे ६८ झाले, याचा आनंद जरा बेतानं करा. तेच प्रश्न दुसऱ्यांदा सोडवले की बरीचशी वाढ प्रश्न पाठ झाल्याची असते. खरं तपासायचं तर बरोबर आलेला एखादा प्रश्न घ्या आणि त्यातला पेशंट बदला. वायव्हॅक्स मलेरियाच्या तरुण बांधकाम कामगाराला क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन, हे तुम्ही झोपेतही सांगाल. आता त्याच्या जागी पाच महिन्यांची गरोदर बायको ठेवा. मग तिचं आठ महिन्यांचं बाळ ठेवा. मग ज्याला जी-सिक्स-पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची कमतरता आहे असा त्याचा भाऊ ठेवा. प्रायमाक्विन कुणाला द्यायचं नाही, का द्यायचं नाही, आणि मग पुढे करायचं काय, हे पर्याय न बघता तीन ओळींत लिहिता आलं, तर तो प्रश्न तुमचा झाला.

अमेरिकन प्रश्नसंचाचा आणखी एक धोका आहे. त्यातले आकडे तिथले असतात. तिथं २०१७ पासून १३०/८० ला उच्च रक्तदाब म्हणायला सुरुवात झाली. आपला राष्ट्रीय कार्यक्रम १४०/९० धरून चालतो. तिथं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची तपासणी ४५ व्या वर्षी सुरू करा म्हणतात. आपल्याकडे तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख, आणि गर्भाशयमुखासाठी व्हिनेगर लावून बघायची साधी तपासणी. पेपर तपासणारा इथला असतो. लाइम डिसीजवर (गोचिडीमुळे होणारा तिकडचा आजार) तुम्ही कितीही सुंदर लिहा, त्याला हवा असतो लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस: पावसाळा, तुंबलेल्या पाण्यातून चालत आलेला माणूस, ताप, दुखणाऱ्या पोटऱ्या, लाल डोळे. तुम्ही कळव्याच्या आहात, तुम्हाला हे पुस्तकातून शिकायची गरजही नाही.

आता तो फोटो. प्रश्न असा होता: आठ वर्षांच्या, वीस किलोच्या मुलाला भटका कुत्रा पोटरीला चावला, रक्त आलंय. वर्गवारी सांगा, तीन मार्क. उपचार सांगा, पाच मार्क. आईवडिलांना काय सांगाल, दोन मार्क.

तुम्ही पहिलं पान रेबीजच्या विषाणूला दिलंत. त्याचा आकार, तो नसांमधून वर कसा चढतो, मेंदूच्या पेशींत दिसणाऱ्या नेग्री बॉडीज. सगळं बरोबर, आणि त्यातल्या एकाही ओळीला मार्क नाही, कारण विचारलंच नव्हतं. वर्गवारी दुसऱ्या पानाच्या मध्यावर एका वाक्यात आली. उपचारात लसीचे दिवस बरोबर आहेत, पण जखम धुणं चौथ्या ओळीत गेलंय आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) 'द्यावे' एवढंच लिहिलंय. किती, कुठे, केव्हा, काही नाही. आईवडिलांचा भाग राहूनच गेला. या उत्तराला तुमचे सव्वीस मिनिटं गेले, असं तुम्हीच लिहिलंय. मी तपासलं असतं तर चार दिले असते, मूड चांगला असता तर साडेचार.

हेच मी कसं लिहिलं असतं? पहिल्या ओळीतच निकाल: रक्त आलेला चावा म्हणजे तिसरी श्रेणी. मग तीन श्रेणींचा लहानसा तक्ता, प्रत्येकीत एक उदाहरण आणि काय करायचं ते. त्यापलीकडे तीन मार्कांना काही लागत नाही. उपचार ज्या क्रमानं दवाखान्यात करतो त्याच क्रमानं. साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुणं, मग पोव्हिडोन आयोडीन. टाके नाहीत. घालावेच लागले तर इम्युनोग्लोब्युलिन दिल्यानंतर आणि सैल. इम्युनोग्लोब्युलिन घोड्याचं असेल तर किलोला ४० युनिट, म्हणजे या मुलाला ८००. माणसाचं असेल तर किलोला २०, म्हणजे ४००. जास्तीत जास्त जखमेत आणि भोवती. पहिल्याच दिवशी नाही मिळालं तर लसीच्या पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत. लस कातडीत द्यायची तर दोन ठिकाणी ०.१ मिली, दिवस ०, ३, ७, २८. स्नायूत द्यायची तर ०, ३, ७, १४, २८. कुल्ल्यात कधीच नाही. धनुर्वाताचं बघा. प्रश्नात वजन दिलंय म्हणजे हिशेब करून दाखवा, असा इशारा आहे. वीस किलो वाचूनही तुम्ही डोस मोजला नाहीत, तिथे एक मार्क नक्की गेला.

आणि शेवटचे दोन मार्क. जखमेवर हळद, मिरची, चुना लावू नका. एकही डोस चुकवू नका, मूल अगदी बरं दिसत असलं तरी. पुढच्या तारखा कागदावर लिहून दिल्या आहेत. कुत्रा दहा दिवस नजरेसमोर ठेवता आला तर ठेवा, पण त्यासाठी लस थांबवू नका. ओपीडीत ही चार वाक्यं तुम्ही दिवसाला दोनदा बोलत असाल. पेपरात ती लिहायची असतात हे कुणी सांगितलेलं नसतं.

माझे १९१ कसे झाले त्याचं उत्तरही इथेच आहे. नापास झाल्यावर मी तेच प्रश्न घरी पुन्हा लिहून काढले आणि एका सरांना दाखवले. त्यांनी लाल पेनानं जवळजवळ प्रत्येक उत्तराखाली एकच शब्द लिहिला: 'घर?' पेशंटच्या घरच्यांना काय सांगणार, कधी परत बोलावणार, कधी मोठ्या हॉस्पिटलात पाठवणार, सरकारी नोंद करायची आहे का. डेंग्यूच्या उत्तरात प्लेटलेट्सवर दीड पान, आणि पोटात दुखणं, सतत उलट्या, सुस्ती ही धोक्याची लक्षणं आईला समजावून घरी पाठवायचं, हे शून्य. क्षयाच्या उत्तरात दोन महिने चार औषधं आणि चार महिने तीन औषधं हे चोख, पण निक्षय या सरकारी पोर्टलवर नोंद नाही, घरातल्या लहान मुलाची तपासणी नाही. मी फिजिशियनचा पेपर लिहून आलो होतो. फॅमिली मेडिसिनमधला 'फॅमिली' माझ्या उत्तरपत्रिकेत नव्हताच. एका प्रश्नाला दोन मार्क धरा आणि चार पेपरांचा हिशेब तुम्हीच करा.

तर सराव कसा करायचा? हे तुमच्या ड्युटीवर अवलंबून आहे. या चार महिन्यांत तुमच्या नाइट्स किती आहेत, थीसिसचं काम खरंच संपलंय का, मुलीकडे कोण बघतं, हे मला माहीत नाही. मी सांगतो ते साधारण मध्यम परिस्थितीचं समजा आणि त्यातून कापून घ्या.

दर दुसऱ्या रविवारी एक पूर्ण पेपर. सकाळी, टेबलावर, फोन दुसऱ्या खोलीत. तीन तास म्हणजे तीन तास, मुलीनं दार वाजवलं तरी. त्यापेक्षा जास्त पेपर लिहू नका, कारण मधला रविवार तपासायला लागतो आणि खरी कमाई तिथेच आहे. हात दुखेल. पहिल्या दोन पेपरांना माझा अंगठा इतका दुखला होता की सोमवारी प्रिस्क्रिप्शन लिहिताना कंपाउंडर हसत होता. चार पेपर मिळून बारा तास लिहायचंय, तोही व्यायाम आहे.

वेळेचा हिशेब सोपा आहे. १८० मिनिटांतली पहिली पाच पेपर वाचायला, शेवटची पाच राहिलेलं भरायला. उरतात १७० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला सतरा. सतरा झाले की पेन उचला, वाक्य अर्धं असलं तरी, अर्धं पान मोकळं सोडून पुढे जा. तुम्हाला हे जड जाईल, कारण तुम्हाला पूर्ण लिहायची सवय आहे. पण साधा विचार करा. एखाद्या प्रश्नाचे पहिले पाच मार्क आठ मिनिटांत मिळतात आणि शेवटचा एक मार्क दहा मिनिटं खातो. तुम्ही सात प्रश्न सजवलेत आणि तीन कोरे सोडलेत. मोडक्या-तोडक्या भाषेत का होईना, त्या तिघांचे प्रत्येकी चार आले असते तर बारा झाले असते.

आठवड्याच्या इतर दिवशी रोज एकच प्रश्न, सतरा मिनिटं, हातानं. प्रश्न जुन्या पेपरमधून घ्या, किंवा त्याहून चांगलं म्हणजे त्या दिवशीच्या ओपीडीतून. आज पाहिलेला एक पेशंट घरी जाताना मनात धरा आणि त्याचा दहा मार्कांचा प्रश्न करा, तीन उपप्रश्न पाडून. रबाळ्याच्या कंपनीतून डोळ्यात केमिकल उडालेला कामगार आला असेल. पाण्यानं किती वेळ धुवायचं, काय तपासायचं, कधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायचं, कंपनीत काय बदल सुचवायचा. असे प्रश्न कुठल्या अ‍ॅपवर सापडणार नाहीत आणि ते पेपरात मात्र येतात. स्वतः पाडलेला प्रश्न विसरतही नाही.

अ‍ॅप फेकून देऊ नका, त्याची जागा बदला. ठाणे-नेरुळ गाडीत बसायला मिळालं तर ते उत्तम साधन आहे. फक्त पर्याय अंगठ्यानं झाका, आधी मनात उत्तर द्या, मग अंगठा उचला. वेग निम्मा होईल, ऐरोलीपासून तुर्भ्यापर्यंत दहा प्रश्न व्हायचे तिथे पाच होतील. होऊ द्या. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. एका गटानं उतारा चार बैठकांत फक्त वाचला. दुसऱ्यानं एका बैठकीत वाचला आणि पुढच्या तीन बैठकांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तर वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं, लिहिणाऱ्यांना ६१. गंमत म्हणजे आपल्याला जास्त लक्षात राहील असं वाचणाऱ्यांनाच वाटत होतं. अ‍ॅपवरचे ६८ टक्के बघून तुम्हाला जे वाटलं ते थोडंफार असंच.

तपासण्याबद्दल जरा जास्त बोलतो, कारण बहुतेक जण इथे आळस करतात. मार्क मोजतात आणि वही मिटतात. तो आकडा म्हणजे थर्मामीटरवरचा ताप. ताप १०२ आहे हे कळलं, पुढे? एक साधी वही ठेवा. गेलेल्या प्रत्येक मार्कापुढे कारण लिहा. माझ्या अनुभवात कारणं चारच निघतात. माहीतच नव्हतं. माहीत होतं पण वेळेवर आठवलं नाही. प्रश्न नीट वाचला नाही. किंवा सगळं येत होतं पण नको ते आधी लिहिलं. पुस्तक उघडायचं ते फक्त पहिल्यासाठी. दुसऱ्यासाठी तोच प्रश्न तीन दिवसांनी आणि पुन्हा दहा दिवसांनी कोऱ्या कागदावर. तिसऱ्यासाठी प्रश्नातले वय, वजन, गरोदरपण आणि मार्क पेन्सिलीनं गोल करायची सवय. चौथ्यासाठी उत्तर सुरू करण्याआधी समासात तीन शब्दांचा आराखडा. तुमच्या एका फोटोवरून अंदाज बांधायचा तर तुमचे बहुतेक मार्क तिसऱ्या-चौथ्या कारणानं जातात. आणि तुम्ही औषध घेताय पहिल्याचं, म्हणजे आणखी वाचन, आणखी प्रश्न. निदान चुकल्यावर डोस वाढवून काय उपयोग?

स्वतःचा पेपर स्वतः तपासताना आपण फार दयाळू असतो. 'हे मला म्हणायचंच होतं' असं म्हणून अर्धा मार्क देऊन टाकतो. म्हणून शक्यतो अदलाबदल करा. तुमच्या बॅचमध्ये फॅमिली मेडिसिनचे रेसिडेंट कमी असतील तर मेडिसिनचा पेपर मेडिसिनच्या मैत्रिणीला द्या, माता-बालकांचा गायनॅकच्या. त्या तुमच्यापेक्षा निर्दयपणे तपासतील. तुमच्या गाईडना महिन्याला एकच उत्तर दाखवा, अख्खा पेपर नको. एक उत्तर कुणीही पाच मिनिटांत बघून देतं.

आता तुमचा मूळ प्रश्न, दुसरी टेस्ट सिरीज घेऊ का. हातानं लिहिलेली उत्तरं कुणीतरी माणूस तपासून, शेरे मारून परत देणार असेल तर विचार करा, आणि पैसे भरण्याआधी त्यांच्याकडून एक तपासलेली नमुना उत्तरपत्रिका मागा. शेऱ्यात नुसतं 'चांगला प्रयत्न' असेल तर सोडून द्या. आणखी दोन हजार एमसीक्यूच मिळणार असतील तर ते पैसे रविवारी सकाळी तीन तास मुलीकडे बघायला एखाद्या बाईंना बोलवायला वापरा. मी थट्टा करत नाहीये, रविवारचे ते तीन शांत तास हीच तुमची टेस्ट सिरीज आहे.

प्रॅक्टिकलचं तुम्ही विचारलं नाहीत, पण रोजच्या सरावात त्याचीही तयारी होते. 'घर?'चं उत्तर लिहून झालं की तेच नवऱ्याला समोर बसवून मोठ्यानं बोला, मराठीत, पेशंटला सांगता तसं. ऑस्कीच्या (टप्प्याटप्प्यानं होणाऱ्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या) संवादाच्या स्टेशनवर इंग्रजीत अडखळणारे बरेच जण मी पाहिलेत. जे आपण रोज मराठी-हिंदीत बोलतो ते इंग्रजीत कधी बोललेलोच नसतो. एकदा मराठीत, एकदा इंग्रजीत, झालं.

रजेचंही तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंत. शेवटचे दोन आठवडे मिळाली तर घ्या, पण नवीन पेपर सोडवायला नको. त्या दिवसांत फक्त ती चुकांची वही आणि लसीकरणाचं वेळापत्रक, राष्ट्रीय कार्यक्रमांचे डोस, असे जे आकडे नुसते पाठच असावे लागतात ते. रजा नाही मिळाली तर ओपीडी चालू ठेवून सकाळी एक तास वही पुरे. तोवर पहिला पूर्ण पेपर या रविवारी लिहा आणि त्यातला सर्वात वाईट गेलेला प्रश्न इथे टाका, सर्वात चांगला नको. सोबत किती मिनिटं लागली तेही लिहा. मी लाल पेन घेऊन बसतो.